त्रिफोन दुसरा

१९ जानेवारी

वहीची क्षमा मागतो. शेवटची नोंद ऑगस्टच्या अखेरची आहे. आमच्या तळातल्या तुकड्यातल्या माव्रुद द्राक्षांची साखर मोजून लिहिली होती. त्यानंतर पाच महिने कोरे. काढणीच्या कामांची सबब सांगता येईल, पण काढणी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपली होती. खरं कारण वेगळं आहे. नऊ ऑक्टोबरला गेर्जिकोवचं सरकार अविश्वास ठरावात पडलं, आणि ते टीव्हीवर पाहता पाहता मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं. झोर्नित्सा म्हणाली, "आज भूक बरी लागलीय." ते वहीत लिहायला नको वाटलं, आणि ते न लिहिता दुसरं काही लिहिणं लबाडीचं झालं असतं. म्हणून गप्प राहिलो.

आज लिहितो, कारण तो परत आलाय. दोन वर्षं बंद असलेल्या त्याच्या आईच्या घराची खिडकी काल उघडली. आमच्यापासून चढावर तिसरं घर. स्वयंपाकघरातून त्याचं धुराडं दिसतं.

शाळेत आम्ही दोघंही त्रिफोन. हजेरीत गेर्जिकोव आधी, शोपोव शेवटी, म्हणून बाईंनी त्याला 'त्रिफोन पहिला' आणि मला 'त्रिफोन दुसरा' केलं. त्यात बाईंचा काही दोष नव्हता, वर्णमाला तशीच आहे. पण नाव चिकटलं. राजधानीत, सोफियाला, विद्यापीठात आम्ही एकाच खोलीत राहिलो, तो कायद्याला, मी रसायनशास्त्राला. तिथेही तो मला 'दुसऱ्या' म्हणूनच हाक मारायचा.

लोकांना आपली आजारपणं तारीखवार आठवतात, तशी मला त्याची चढण आठवते. तो बत्तिसाव्या वर्षी खासदार झाला. त्या वर्षी मी सहकारी मद्यशाळेच्या प्रयोगशाळेत लागलो. तो उपमंत्री झाला. माझे वडील गेले. तो शेतीमंत्री झाला तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या पाहणीला त्याच्याऐवजी त्याचा सचिव आला आणि माझ्या नळ्या उलट्या धरून बघत होता. मग तो पंतप्रधान झाला. अकरा महिने.

संसदेतल्या पहिल्या भाषणात तो म्हणाला, "आमच्या गावातले एक म्हातारे म्हणायचे, ज्याचा हात छाटताना थरथरतो त्यानं वेल लावू नये." हे वाक्य माझ्या वडिलांचं. स्तामेन शोपोव यांचं. आम्ही चौदा वर्षांचे असताना आमच्याच मळ्यात ते आम्हा दोघांना म्हणाले होते, आणि तेव्हा ते चव्वेचाळीस वर्षांचे होते. एक म्हातारे!

पुढे त्याने सरकारी खर्च इतका छाटला की व्यंगचित्रवाले त्याच्या हाताच्या जागी कात्रीच काढू लागले. ते मला आवडायचं. लिहून टाकलं.

२३ जानेवारी

सकाळी फाटकातून हाक आली. "दुसऱ्या! आहेस का घरात?"

बाहेर गेलो. अंगावर त्याच्या आईची जुनं लोकरी जाकीट, दाढी वाढलेली. पहारेकरी नाहीत, गाडी नाही. मिठी मारायला पुढे आला. माझ्या हातात राखेची बादली होती, ती मी खाली ठेवली नाही.

"आईच्या आठ ओळींचं रान झालंय," तो म्हणाला. "एखादी कात्री दे की."

"पंतप्रधानांना कात्री कमी पडली?"

तो मोठ्यानं हसला. "ती सरकारजमा झाली, बाबा. जाताना लेखणीसुद्धा मोजून घेतात."

भिंतीवर दोन कात्र्या टांगलेल्या होत्या. एक वडिलांची, लोण्यासारखी चालणारी. दुसरीची स्प्रिंग ढिली आहे. दर वेळी बोटांनी तोंड उघडावं लागतं. मी दुसरी दिली. विसरून नव्हे, बघून दिली.

तो वळल्यावर मी बोललोच. "ते वाक्य माझ्या वडिलांचं होतं."

"माहीत आहे की! नाव लिहिलं होतं मी. स्तामेन शोपोव. कार्यालयातल्या लोकांनी खोडलं. म्हणाले, पत्रकार विचारतील, हा कोण?"

"आणि तू खोडू दिलंस."

त्यानं बोटांनी कात्रीचं तोंड उघडून बघितलं. "दिलं," म्हणाला.

मला ते पटलं नाही. म्हणजे, पटवून घ्यायचं नव्हतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे कळण्याइतकं शिक्षण झालंय माझं.

३० जानेवारी

या आठवड्यात झोर्नित्साने त्याच्याकडे चार वेळा सूप नेलं. सोमवारी वीस मिनिटं, बुधवारी पस्तीस, शुक्रवारी चाळीस. शनिवारी मी घरात नव्हतो, त्यामुळे सांगता येत नाही. वेळ मोजल्याची लाज वाटते, पण मोजली.

शाळा संपल्यावरच्या समारंभात ती त्याच्याबरोबर नाचली होती. तीन नाच. मी जाकीट सांभाळत बसलो होतो, त्याचंच. अठ्ठावीस वर्षं झाली. तिनं लग्न माझ्याशी केलं. हे सगळं मला ठाऊक असून मी घड्याळाकडे बघतो.

"रोज जायलाच हवं का?" मी विचारलं.

"त्याच्या घरात चूल पेटत नाही. बायको सोफियातच राहिली, म्हणजे सोडूनच गेली म्हण. डबाबंद वाटाणे खातो, गार."

"देशाचा पंतप्रधान होता तो. त्याला वाटाणे गरम करता येत नाहीत?"

"तुला तरी कुठं येतात?" ती म्हणाली. मग सुपाचं पातेलं झाकत, "तुझ्याबद्दल विचारत होता. तू रागावलायस का म्हणून."

"मग?"

"म्हटलं, त्यालाच विचार. तर म्हणाला, विचारलं तर तो नाही म्हणेल."

हे मला लागलं. कारण मी नाहीच म्हणालो असतो.

४ फेब्रुवारी

आज जे केलं ते नीट क्रमानं लिहितो.

चौदा तारखेला द्राक्षवेलींच्या संत त्रिफोनचा दिवस. सकाळी सगळे मळ्यात जाणार, प्रत्येक जण आपल्या वेलीच्या तीन फांद्या छाटून जखमेवर लाल मद्य ओतणार, आणि मग वेलींचा राजा निवडला जाणार. ज्याचं पीक चांगलं, त्याच्या डोक्यावर छाटलेल्या फांद्यांचा मुकुट. वर्ष वाईट गेलं तर त्याला पुन्हा निवडत नाहीत. माझे वडील तीनदा राजा झाले होते. मी एकदाही नाही. बारा वर्षं मी ढोलवाल्यांना सांगावा धाडतो, पिंपं मांडतो, पाद्रीबाबांना गाडीतून आणतो, आणि मुकुट दुसऱ्याच्या डोक्यावर जातो. यंदा माझ्या माव्रुदची साखर गावात सगळ्यांत जास्त. निवड मळेवाल्यांतले सर्वांत ज्येष्ठ मिंचो काका करतात. ऑक्टोबरात त्यांनीच माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं, "पोरा, फेब्रुवारीत डोकं धुऊन ये."

आज त्सोंकाच्या कॉफीच्या दुकानात गेलो तर काका तिथंच. त्सोंका कप पुसत म्हणाली, "या खेपेला काय मजा आहे! दोन-दोन त्रिफोन, आणि त्यातला एक पंतप्रधान! राजा त्यालाच करणार ना, काका?"

काकांनी मिशी पुसली. "बघू," म्हणाले. माझ्याकडे बघितलं नाही.

बघू!

"आणि संध्याकाळी कुणाकडे जायचं?" त्सोंका म्हणाली. "शोपोव, तू त्याचा दोस्त. त्याचं घर उघडं असणार ना?"

नामदिवसाला, म्हणजे आपल्या नावाच्या संताच्या दिवशी, आमच्याकडे बोलावणं करत नाहीत. ज्याचं नाव, त्यानं टेबल मांडून दार उघडं ठेवायचं; ज्याला यायचं तो येतो. बोलावलं तर उलट अपमान समजतात. हे मला, त्सोंकाला, काकांना, सगळ्यांना माहीत आहे. आणि तरी माझ्या तोंडून निघालं:

"त्याचं वेगळं आहे. सोफियाचे पाहुणे येणार आहेत म्हणे. यादी आहे. यादीत नाव असेल त्यालाच."

"यादी?" त्सोंकाचा कप हातातच राहिला.

"असं ऐकलं," मी म्हणालो.

कुणाकडून ऐकलं? कुणाकडूनच नाही.

५ फेब्रुवारी

कालचं खोडून काढायला हवं होतं. त्यासाठीच त्सोंकाकडे गेलो. कॉफी प्यायली. परत आलो.

११ फेब्रुवारी

यादी वाढली आहे. त्सोंकाच्या म्हणण्याप्रमाणे तिच्यात आता दोन मंत्री आणि एक राजदूत आहे. मी एकही मंत्री म्हटला नव्हता, हे इथे नोंदवतो. पण त्यानं माझा काही बचाव होत नाही.

"आणि ऐक," ती मला म्हणाली. "काल आला होता. तीस ग्लास मागून घेऊन गेला. तीस! ग्लास माझे, आणि मला साधं 'ये' म्हणाला नाही!"

"नामदिवसाला 'ये' म्हणतात का?" मी चाचपून बघितलं.

"तुझ्यामाझ्या घरी नाही म्हणत. पंतप्रधानाच्या दारात बोलावल्याशिवाय कोण उभं राहील, बाबा? हाकलून दिलं तर?"

म्हणजे माझ्या खोट्याला तिचं स्वतःचं भय येऊन मिळालं होतं. मी नुसतं बी टाकलं, जमीन तयारच होती. असं मी घरी येताना स्वतःला सांगितलं. बी टाकणाराच असं म्हणतो, हे फाटकापाशी आल्यावर कळलं.

फाटकापाशी तोच उभा. दोन्ही तळहातांना फोड. माझ्या कात्रीचे.

"आठपैकी पाच ओळी झाल्या," त्यानं हात दाखवले, शाळेत पैकीच्या पैकी गुण दाखवायचा तसे. "दुसऱ्या, एक विचारू? अजून लोक न बोलावताच येतात ना त्या दिवशी? सोफियात गेल्या वर्षी दारात रांग होती, पण ते पंतप्रधानाकडे आले होते. इथं मला..." वाक्य पुरं केलं नाही. "तू येशील ना?"

"माझ्याच घरी पाहुणे असतील."

"अरे हो! तुझाही सणच की."

विसरला होता. एकच नाव, एकच दिवस, सत्तेचाळीस वर्षं, आणि माझा सण विसरला होता. त्या क्षणी मी त्याला सगळं सांगणार होतो की नाही, हे आता कळायला मार्ग नाही. पण हे ऐकल्यावर सांगितलं नाही.

"येतात की लोक," एवढंच म्हणालो. हे वाक्य खोटं नव्हतं. तेच वाईट आहे.

१४ फेब्रुवारी, सकाळी

पांढरा सदरा घातलाय. डोकं धुतलंय. आजपासून तीन दिवस लांडग्यांचे, घरात कात्री उघडायची नसते. झोर्नित्साने घरातल्या सगळ्या कात्र्यांची तोंडं लाल दोऱ्यानं बांधली, म्हणजे लांडग्याचंही तोंड बंद राहतं. वडिलांची मळ्यातली कात्री तेवढी फांद्या छाटून आणल्यावर बांधायची राहिलीय.

आज गेर्जिकोवला राजा करतील. मी टाळ्या वाजवीन. कशा वाजवायच्या याचा आरशासमोर विचार केला.

१५ फेब्रुवारी, दुपार

मुकुट समोर टेबलावर आहे. एक फांदी सुटून लोंबतेय.

काल मळ्यात थंडी बोचत होती. पाद्रीबाबांनी पाणी शिंपडलं, मी वडिलांच्या कात्रीनं माझ्या वेलीच्या तीन फांद्या घेतल्या, मद्य ओतलं. गेर्जिकोव लोकांच्या कडेला उभा होता, हातांना पट्ट्या बांधून. मिंचो काका मुकुट घेऊन निघाले. सरळ त्याच्या दिशेनं. मी हात टाळीसाठी वर केले. आणि काका त्याच्या पुढून गेले, वळले, आणि मुकुट माझ्या डोक्यावर ठेवला. माझे हात टाळीसाठी तसेच वर होते. लोकांना वाटलं मी आनंदानं वर केले. कुणीतरी घागरभर मद्य अंगावर ओतलं. खांद्यावर घेतलं. वरून मी पाहिलं, गेर्जिकोव सगळ्यांत मोठ्यानं ओरडत होता: "शोपोव! शोपोव!" दुसऱ्या म्हणाला नाही.

घरापर्यंत ढोल. माणसं इतकी की बाकडी शेजारून आणली. मी टेबलाच्या डोक्याशी, अंगाला मद्याचा वास, वडील बसायचे तसा. तासभर मी इतका सुखी होतो की कुणाचा हेवा करायचा तेच आठवेना.

मग काका कबाबाचा तुकडा हातात धरून माझ्या कानाशी आले. "पोरा, खरं सांगू? आदल्या संध्याकाळी आम्ही तिघं त्याच्याकडे गेलो होतो. म्हटलं, साहेब, तुम्ही व्हा राजा, टीव्हीवाले येतील, मद्यशाळेचं नाव होईल. तर आमच्यावरच डाफरला. 'वेडे आहात का? साखर कुणाची जास्त? त्रिफोन शोपोवची. माझी वेल दोन वर्षं कुणी छाटली नाही, आणि मला मुकुट? मुकुटानं माझं काय झालं ते पाहिलंत ना?'"

"म्हणजे त्यानं नको म्हटलं म्हणून मला दिला?"

"आम्ही तुलाच देणार होतो रे," काका म्हणाले. जरा उशिरानं म्हणाले. "टेबल मात्र आधीच झकास मांडलं होतं त्यानं. सोफियाच्या पाहुण्यांसाठी. आम्ही दारातूनच परत आलो, उगाच अडचण नको."

मुकुट डोक्यावर जड झाला. वाटलं, हाही त्यानंच दिला. पहिल्यानं दुसऱ्याला उष्टा दिला. इतका राग आला की हातातला कबाब ताटात परत ठेवला. हे मी लपवत नाही: त्या क्षणी मला यादीची लाज वाटत नव्हती, उलट बरं वाटत होतं.

सहाच्या सुमाराला झोर्नित्सा चीजभरल्या पापुद्र्यांच्या बनित्साचं ताट फडक्यात बांधून निघाली. "सगळे इथंच आहेत," ती म्हणाली. "मग त्याच्याकडे कोण आहे?"

"मंत्री," मी म्हणालो.

"रस्त्यावर एक गाडी नाही."

ती तासानं परतली. मी वेळ बघितली नव्हती. त्सोंका म्हणाली, तासभर झाला. झोर्नित्साने मला भांडी घासायच्या जागी बोलावलं आणि हलक्या आवाजात बोलली.

"तीस ग्लास उलटे मांडलेत. पानांत भात गुंडाळलेली सार्मा आहे, त्याच्या आईच्या वहीतून बघून केलेली, सगळी फुटलीय. आवाज झाला तसा उठून दारात आला. म्हणाला, बस, पहिली तूच. म्हटलं, आणि यादीतले कुठं आहेत? म्हणाला, कसली यादी?"

मी एक घासलेलं ताट पुन्हा घासायला घेतलं.

"नंतर म्हणाला, लोक रागावले असतील माझ्यावर, मी पुष्कळांचं छाटलं. येणार नाहीत हे कळायला हवं होतं मला. आणि मला बळंच बनित्साचा पहिला तुकडा खायला लावला."

"तू सांगितलंस त्याला? यादीचं?"

"मी कशाला सांगू? ते तुझं आहे." तिनं एप्रनला हात पुसले. "घरातल्या सगळ्या कात्र्यांची तोंडं बांधली मी. तुझं बांधायचं राहिलं."

ती आधीपासून जाणून होती का, की तेव्हाच तिला कळलं? विचारलं नाही.

आज सकाळी अकराला खिडकीशी उभा होतो. तो हातगाडी ढकलत उतारावरून येत होता. गाडीत त्सोंकाचे ग्लास, खोक्यात, वर्तमानपत्रात गुंडाळलेले. न वापरलेले असूनही धुतले असावेत, कागद ओले दिसत होते. रस्त्यात खाचा आहेत, म्हणून अगदी हळू ढकलत होता, आणि तरी प्रत्येक खाचेला ते किणकिणत होते. आमच्या फाटकापाशी थांबला. आत बघितलं. मी पडद्यामागे झालो. सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, डोक्यावर राजाचा मुकुट, पडद्यामागे. तो पुढे गेला.

मी आयुष्यभर समजत आलो की त्याच्याकडे ते आहे जे मला मिळालं नाही. काल त्याला फक्त तेच हवं होतं जे माझ्या अंगणात मावत नव्हतं. हे लिहिताना क्षणभर आनंद झाला, हेही लिहितो. हेवा जाता जाता मागं वळून बघतोच.

दुपारी एक युक्ती सुचली. राजा जिकडे जातो तिकडे तीन दिवस गाव मागून जातं. उद्या मुकुट घालून, ढोलवाले, काका, त्सोंका, सगळ्यांना घेऊन त्याच्या दारात उभं राहायचं. त्याचं घर भरेल. झोर्नित्साला सांगितलं. ती वाटाणे निवडत होती. "छान," म्हणाली. "आणि त्या ढोलात यादीचं कुणाला ऐकू येणार नाही."

ते मला सुचलं नव्हतं. की सुचलं होतं, म्हणूनच युक्ती इतकी आवडली?

ढोल नंतर. आधी एकटा जाईन. वडिलांची कात्री भिंतीवरून काढून ठेवली आहे. झोर्नित्साने तिलाही लाल दोरा बांधलाय, तो तसाच ठेवतो.

उद्या: गेर्जिकोवकडे जायचं, न बोलावता, आणि कात्री हातात देण्याआधी यादी माझी होती हे सांगायचं.